आधी पोचलेली मंजुषा

मळ्याच्या फाटकाशी मिनीबस थांबली तेव्हा मंजुषाचे वडील, अण्णा, सगळ्यांच्या पुढे उभे होते. सकाळीच दाढी करून, लग्नकार्यात घालायचा पांढरा शर्ट घालून ते तयार झाले होते. पाहुणे उतरायला लागले तसा त्यांनी हात पुढे केला. पहिला उतरला तो लेवान, जॉर्जियाचा उंच पोरगा. त्याने त्या हाताकडे पाहिलं, मग अण्णांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि स्वतःचे दोन्ही हात खिशात घालून तो बाजूने निघून गेला.

मंजुषाला वाटलं, त्याच्या लक्षात आलं नसेल. पण मागोमाग एस्टोनियाची लीस उतरली, तीसुद्धा अण्णांकडे ढुंकूनही न बघता थेट मंजुषाच्या गळ्यात पडली. इतकी घट्ट, जणू मंजुषा मोठ्या दुखण्यातून उठली होती.

अण्णांनी हात हळूच मागे घेतला आणि शर्टाला पुसला.

सप्टेंबरात मंजुषा एस्टोनियाला गेली होती. वेगवेगळ्या देशांतल्या तरुणांच्या देवाणघेवाणीचा कार्यक्रम होता. पहिला अर्धा भाग तिकडे आणि दुसरा जानेवारीत नाशिकला. इथल्या एका संस्थेने चौघांना निवडलं होतं, त्यात मखमलाबादची मंजुषा आणि इंदिरानगरचा समर्थ. मंजुषाचा व्हिसा रखडला. बाकीचे तिघं ठरल्या दिवशी निघाले, ती दुसऱ्या दिवशी एकटीच विमानात बसली.

पोचली तेव्हा जीव मुठीत होता. पण तिथल्या पोरांनी तिला असं काही सांभाळून घेतलं, की तिचं तिलाच खरं वाटेना. लेवानने तिची बॅग तिच्या हातातून काढून घेतली. लीस तिच्याच खोलीत होती, तिने खिडकीजवळची चांगली खाट मंजुषाला दिली, स्वतःचा लोकरी स्वेटर दिला, रोज रात्री विचारलं, "बरी आहेस ना?" गटात मंजुषा बोलायला उभी राहिली की सगळे एकदम गप्प व्हायचे. तिने आपल्या गुलाबांच्या पॉलिहाऊसबद्दल काहीतरी साधंच सांगितलं, तर एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. मंजुषाला हे जरा जास्तच वाटलं, पण आवडलंही. कॉलेजात तिचं बोलणं असं कोणी कधी ऐकलं नव्हतं. फोनवर ती आईला म्हणाली होती, "आई, इथली माणसं फार मायाळू आहेत गं."

तीच मायाळू माणसं आता मळ्यात बसली होती. आईने, म्हणजे सगुणाबाईंनी, हुरड्याचा बेत केला होता. पेटत्या आगटीभोवती सतरंज्या टाकल्या होत्या, गरम हुरडा, दही, शेंगदाण्याची चटणी, गूळ. आईच्या हातून पोरं आवडीने घेत होती. पण अण्णा ताट घेऊन लेवानपाशी गेले, तर त्याने मान फिरवली. लीसपाशी गेले, तर ती उठून दुसरीकडे जाऊन बसली.

अण्णा ताट तसंच घेऊन मंजुषाकडे आले. खालच्या आवाजात म्हणाले, "मंजे, माझं काय चुकलं का गं? का यांच्यात पुरुषाच्या हातचं खात नाय?"

मंजुषाने ताट त्यांच्या हातून घेऊन खाली ठेवलं. तिने लीसला खूण केली आणि तिला पॉलिहाऊसच्या मागे नेलं.

"माझ्या वडिलांशी असं का वागताय तुम्ही?"

लीसने तिचा हात हातात घेतला. "इथे ते ऐकणार नाहीत ना? हे बघ, आम्हाला सगळं माहीत आहे. तुला काही लपवायची गरज नाही."

"काय माहीत आहे?"

मग लीसने सांगितलं. पहिल्या संध्याकाळी सगळे ओळख करून द्यायला बसले होते. भारताची एक मुलगी आली नाही असं कळल्यावर कोणीतरी विचारलं, ती कशी आहे? समर्थ उठला आणि त्याने सांगितलं. मंजुषा गरीब शेतकऱ्याची मुलगी. बाप मारकुटा. दहावीतच शाळेतून काढलं, एका वयस्कर माणसाशी लग्न ठरवलं. समर्थ आणि त्याचे मित्र तिच्या घरी गेले, बापाशी भांडले, लग्न मोडलं, तिला परत शिकायला लावलं. विमानात बसण्यासाठीसुद्धा बापाची परवानगी त्यानेच मिळवली.

"आम्ही सगळे रडलो," लीस म्हणाली. "आणि ठरवलं, तुला त्याची आठवण होईल असं काही बोलायचं नाही."

मंजुषाला आत्याची गोष्ट आठवली. बारावीनंतर आत्या स्थळ घेऊन आली होती, तेव्हा याच अण्णांनी सख्ख्या बहिणीला चहासुद्धा न देता वाटेला लावलं होतं. वर्षभर त्या रागाने आत्या राखीला आली नव्हती. इंग्रजीच्या क्लासला हेच अण्णा मोटारसायकलवर सोडायला यायचे आणि सुटेपर्यंत खाली टपरीवर बसून राहायचे. आणि या पोरांनी त्यांच्या हातचं ताट नाकारलं होतं.

ती तरातरा पुढे आली. समर्थ ठिबकची नळी हातात धरून दोघांना काहीतरी समजावत होता, मळा त्याच्याच बापाचा असल्यासारखा.

"समर्थ, इकडे ये. एस्टोनियात माझ्याबद्दल काय सांगितलंस?"

त्याचा चेहरा उतरला, पण त्याने हसून बघितलं. "अगं, ते होय? ते आपलं असंच. त्यांनी विचारलं, मला पटकन काही सुचलं नाही."

"सुचलं नाही म्हणून माझ्या बापाला मारकुटा केलास?"

"हळू बोल ना. तू त्या लोकांना ओळखत नाहीस. तिकडे साधं काही सांगितलं तर कोणी ऐकत नाही. आणि तुझं नुकसान काय झालं? सगळे तुझ्याशी किती चांगले वागले!"

हे ऐकलं आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. खरंच वागले होते. ती खाट, तो स्वेटर, ते गप्प बसून ऐकणं, सगळं त्या दुसऱ्याच मुलीसाठी होतं, जी तिच्या आदल्या दिवशी तिथे पोचली होती. तिच्या वाट्याला जे आलं असं तिला चार महिने वाटत होतं, त्यातलं तिचं काहीच नव्हतं.

संस्थेच्या अंजली मॅडम धावत आल्या. "मंजुषा, आत्ता नको. पाहुण्यांसमोर तमाशा नको. पुढच्या वर्षी पण कार्यक्रम मिळायला हवा ना आपल्याला? मी समर्थशी बोलते नंतर."

"तुम्हाला माहीत होतं मॅडम?"

मॅडम दुसरीकडे बघायला लागल्या.

"मग आत्ताच. समर्थ, जे तिकडे इंग्रजीत बोललास ते इथे मराठीत बोल. अण्णांसमोर."

समर्थने नळी टाकली आणि आपलं हुरड्याचं ताट उचललं. तेव्हा तिनेच सांगितलं, एकेक वाक्य, आधी मराठीत आणि मग इंग्रजीत, आवाज चढवून, आगटीभोवतीच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. शेवटी म्हणाली, "हे सगळं खोटं आहे. यातलं एक अक्षर खरं नाही."

अण्णा बांधावर बसले. "मी हिला मारतो?" ते कोणाला म्हणून नाही, असंच म्हणाले. "मी?"

आई उठली. पदर खोचून समर्थच्या समोर जाऊन उभी राहिली. तो घाबरून मागे सरकला. आई शांतपणे म्हणाली, "ताट खाली ठेव."

"काकू, अहो मी..."

"आधी ताट खाली ठेव. आमच्या घरचं हाय ते."

त्याने ताट ठेवलं आणि तो मिनीबसमध्ये जाऊन बसला.

लेवान अण्णांकडे आला. मान खाली घालून स्वतःच्या भाषेत, मग इंग्रजीत काहीबाही बोलला, आणि हात पुढे केला. अण्णांनी तो दोन्ही हातांनी धरला. "तुझा काय दोष पोरा? तुला सांगितलं तसं तू ऐकलं. बस, हुरडा खा. लय गार झाला." आणि चक्क हसले.

मंजुषा अण्णांवरही उखडली. "तुम्ही हसताय कसले? त्याने तुमचा हात झिडकारला, अण्णा!"

"मग काय त्याला उपाशी धाडू? दारात आलेलं माणूस हाय ते."

तिला सहन होईना. ती तिथून निघाली, तर लीस मागे आली. डोळे पुसत म्हणाली, "मला माफ कर. तुला दुखवायचं नव्हतं म्हणूनच मी..."

"दोन आठवडे एका खोलीत होतो आपण," मंजुषा ओरडली. "एकदा विचारायचं होतंस! एकदा! तुला मी माणूस वाटले नाही, रुग्ण वाटले. मला तुझी दया नको, तुझा स्वेटर पण नको. घेऊन जा परत."

लीसचे गाल लाल झाले.

"बरं. मग ऐक," ती म्हणाली. "तू घोरतेस. मला दोन आठवडे झोप नाही. तू पहाटे उठून तुझ्या आईशी फोनवर बोलायचीस, मोठमोठ्याने, माझ्या डोक्याशी. बाथरूमभर पाणी करून ठेवायचीस, मी रोज पुसायचे. माझं चीज न विचारता खाल्लंस. आणि मी काही बोलले नाही, कारण मला वाटायचं या बिचारीने आयुष्यात खूप सोसलंय!"

"मी घोरत नाही!"

"घोरतेस! ट्रॅक्टरसारखी!"

"आणि तू? तुझे ते ओले मोजे हीटरवर! खोलीभर वास! मी परक्या देशात आहे म्हणून गप्प बसले."

"सांगायचं होतंस!"

"तू सांगायचं होतंस!"

दोघी गुलाबांच्या सरीत उभ्या राहून तावातावाने भांडत होत्या. काम करणाऱ्या बायका खुरपी थांबवून बघत होत्या. भाषा त्यांना कळत नव्हती, पण भांडण कळत होतं. एकीने दुसरीला म्हटलं, "गोरी बी कमी नाय हां."

आईने हाक मारली तेव्हा दोघींचे घसे बसले होते. एकाच सतरंजीवर, मध्ये बरीच जागा सोडून त्या बसल्या. लीसने अण्णांच्या हातून ताट घेतलं, मान लववली. मंजुषाशी मात्र ती बोलली नाही, आणि मंजुषाही तिच्याशी बोलली नाही.

समारोपाच्या कार्यक्रमात अंजली मॅडमनी मंजुषाला दोन शब्द बोलायला सांगितलं नाही. ती न सांगताच उठली आणि माईकवर मळ्यातलं सगळं पुन्हा बोलली. टाळ्या पडल्या नाहीत. काही लोकांनी घड्याळात बघितलं.

पुढे समर्थ त्याच्या वडिलांना घेऊन माफी मागायला मखमलाबादला आला. अण्णांनी दोघांना चहा दिला. मंजुषा आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. अजूनही ती त्याच्याशी बोलत नाही, आणि बोलावं असं तिला वाटतही नाही.

लीसचे मेसेज येतात. बहुतेक वेळा त्यात काहीतरी तक्रार असते, आणि मंजुषा हातातलं काम टाकून तिला तसंच खरमरीत उत्तर लिहायला बसते.