ट्यूबा पचवलेला कॅमेरा

मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे. मित्रांनो, कॅमेरा घेताना लोक त्याचं भिंग पारखतात. मला मात्र ट्यूबा वाजवून पारखलं.

माझे मालक डॉन सेवेरो, म्हणजे आपले सेवेरोराव, मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या डोंगरातल्या आमच्या गावच्या बँडमध्ये ट्यूबा वाजवत. ट्यूबा म्हणजे अंगाभोवती अजगरासारखा गुंडाळून घ्यायचा पितळी भोंगा. त्यांचा मुलगा ओदिलोन अमेरिकेत, लॉस एंजेलिसला हॉटेलात भांडी घासायचा. त्याच्याकडे तिथं राहण्याची कागदपत्रं नव्हती. गावी आला असता तर परत जाता आलं नसतं. म्हणून त्याने कॅमेऱ्यासाठी पैसे पाठवले आणि बजावलं, "चित्र चांगलं बघा, पण आवाजही बघा. मला आई दिसायला हवी आणि ऐकूही यायला हवी."

शहरातल्या दुकानात विक्रेत्याने बराच वेळ रंगांचं कौतुक केलं. डॉन सेवेरोंनी ते शांतपणे ऐकून घेतलं, पाठीवरचा ट्यूबा उतरवला आणि फुंकला. टिपलेलं परत ऐकवताना माझ्या शेजारचे देखणे कॅमेरे घशात हाड अडकल्यासारखे घरघरले. मी तो सूर जसाच्या तसा परत दिला. काचेचं कपाट थरथरलं, तेही माझ्यात ऐकू आलं.

"हाच घ्या," विक्रेता म्हणाला. "पण आता दुसरं गाणं नको."

गावात माझं स्वागत पाहुण्यासारखं झालं. अडचण एकच होती. आमच्या लोकांना फोटोची सवय. ओदिलोनची आई डोन्या फिदेलिया भरतकामाचा झगा घालून भिंतीपाशी उभी राहिली ती श्वास रोखूनच. मी बराच वेळ तिचं न हलणं टिपलं. मागून एक टर्की गेली म्हणून बरं, नाहीतर मी बंद पडलो असंच वाटलं असतं.

लॉस एंजेलिसला सामान नेणाऱ्या गाडीतून कॅसेट गेली, सोबत मोलेचा, म्हणजे मिरच्यांच्या दाट रश्शाचा, डबा. मग गावातल्या एकुलत्या फोनवर ओदिलोनचा फोन आला आणि लाउडस्पीकरवर आईच्या नावाचा पुकारा झाला.

"आई, देवळातल्या मूर्तीसारखी दिसतेस. काहीतरी बोल की."

"फोटोत कुणी बोलतं का?" आईने विचारलं.

पुढच्या सणाला तिने माझ्यासमोर प्रार्थना म्हटली. मनातल्या मनात.

ओदिलोनला तिकडे मुलगी झाली होती, यादिरा. फोनवर निम्मी खरखर आणि निम्मं 'ऐकू येतंय का' असायचं. पोरीला आजीचा आवाज कळणार कसा, हीच त्याची तगमग.

मग एका सकाळी डॉन सेवेरोंनी मला चुलीशेजारच्या फळीवर ठेवलं, बंद करायला विसरले आणि तिथंच सराव सुरू केला. डोन्या फिदेलिया मक्याच्या भाकऱ्या करत होती. तिने मागे न बघता सुनावलं, "म्हाताऱ्या, तो तुझा पितळी बैल अंगणात नेऊन बांध," इथं तिला धुराचा खोकला आला, "तव्यावरची भाकरी दचकतेय. बोलावीन तेव्हा जेवायला ये, आणि हात धुऊन ये."

कॅसेट कुणीही न बघता रवाना झाली. पुढचा फोन आला. ओदिलोन म्हणाला, "सण पुरे. स्वयंपाकघर पाठवा."

मित्रांनो, ते माझे वैभवाचे दिवस. पुढे माझ्या कॅसेट मिळेनाशा झाल्या. माझा पट्टा ट्यूबाला गेला आणि मी कपाटावर गेलो, धुळीच्या हवाली.

तिथूनच मी यादिराला पहिल्यांदा पाहिलं. तिचा जन्म तिकडचा, म्हणून तिच्याकडे कागदपत्रं होती, तिला येता आलं. बापाला नाही. डोन्या फिदेलियाला आठवडाभर धास्ती होती, पोरगी आपल्याशी बोलेल तरी का, बोललीच तर कळेल का. शेवटी तिने भरतकामाचा झगा घातला आणि दारात उभी राहिली, श्वास रोखून. समोर यादिराही तशीच. आजी-नात एकमेकींचा फोटो होऊन बसल्या.

डॉन सेवेरोंना काही सुचेना. त्यांनी घरातच ट्यूबा फुंकला.

यादिराने कमरेवर हात ठेवला. "म्हाताऱ्या, तो तुझा पितळी बैल अंगणात नेऊन बांध," ती म्हणाली. मग नेमक्या जागी खोकली. चूल तर अजून पेटलेलीही नव्हती. "तव्यावरची भाकरी दचकतेय. बोलावीन तेव्हा जेवायला ये—"

"आणि हात धुऊन ये," आजी म्हणाली आणि हलली. एकदम सगळीच हलली. पोरगी तिच्या झग्यात दिसेनाशी झाली.

माझी बॅटरी कधीच मेलेली. टिपता आलं नाही, पण आता दोघी ते पाठ म्हणत होत्या.

तेव्हा मित्रांनो, कॅमेरा घ्याल तर चित्र बघा, आवाज बघा, जमल्यास दुकानात ट्यूबा न्या. त्याची धूळ पुसा, त्याचा पट्टा पळवू नका. आणि त्याला सणासाठी जपून ठेवू नका. एखाद्या साध्या सकाळी चुलीपाशी ठेवा, आणि बंद करायला विसरा.