चंपाने दडवलेला रिपोर्ट

चैतालीला सातवा महिना लागला आणि विश्रांतवाडीच्या त्या घरात तिची थोरली जाऊ चंपा आतल्या आत जळू लागली. चैताली खराडीच्या आयटी कंपनीत. न्यायला गाडी दारात, घरी आली की नवरा सफरचंद कापून देणार, शिवाय दर पंधरा दिवसांनी नवी तपासणी.

"बाळ पोटात वाढतंय की लॅबमध्ये?" चंपा टोमणा मारी. चैताली हसून सोडून देई.

मंगळवारी भाजीला गेली तेव्हा चैतालीचा रक्ताचा रिपोर्ट चंपाने दवाखान्यातून आणला आणि आपल्या साड्यांखाली ठेवला. विचारल्यावर म्हणाली, "तयार नव्हता." शनिवारी डोहाळेजेवण होतं. आधी हे एक कौतुक होऊ दे एकदाचं, रिपोर्टचं मग बघू!

शुक्रवारी सकाळी दवाखान्यातून फोन आला. सासऱ्यांनी, सीतारामअप्पांनी घेतला.

"चंपा, रिपोर्ट मंगळवारीच नेला म्हणतात. कुठाय?"

तिने साड्यांखालून काढून आणून दिला.

"डॉक्टर म्हणतात, रक्तातलं सीआरपी फार वाढलंय. अंगात कुठंतरी सूज आहे, जंतू असतील. वेळेत शोधलं नाही तर बाळ दिवस भरायच्या आधी होऊ शकतं. आत्ता बोलावलंय."

"माझ्या वेळी कुणी केल्या होत्या तपासण्या?" चंपा फटकन बोलून गेली.

अप्पा खुर्चीत बसले. "नाही केल्या. तुला चार दिवस कणकण होती. मीच म्हणालो, उन्हाचं असेल, काढा घे. सातव्यातच बाळ झालं आणि गेलं. चूक माझी होती. त्या चुकीची शिक्षा चैतालीला कशाला, पोरी?"

नऊ वर्षांत हे कुणी तिच्यापाशी बोललं नव्हतं. चंपाने पदराने डोळे पुसले, पायात चपला सरकवल्या आणि चैतालीला हाक मारून रिक्षा बोलावली.

रिक्षात तिने चैतालीला सगळं सांगितलं. चैताली म्हणाली, "ताई, परत असं करू नका."

लघवीत जंतू सापडले. औषधं सुरू झाली, डोहाळेजेवण पुढे गेलं आणि दिवस भरल्यावर मुलगी झाली. चंपाने डॉक्टरीणबाईंना एकटीने गाठून विचारलं, "माझं वाचलं असतं का हो?"

"सांगता येत नाही. पण कणकण कशामुळे, ते तरी शोधलं असतं."

आता गल्लीत कुणा गर्भार बाईला कणकण आली, की चंपाच आधी विचारते, "लघवी तपासली का गं?"

वाचकहो, गर्भारपणातली तपासणी म्हणजे लाड नव्हेत. जे आपल्याला मिळालं नाही, ते दुसरीला मिळताना जळू नये. आपल्याला मिळालं नाही, म्हणूनच ते तिला मिळवून द्यावं.