चार बाजूंचा टूलपोस्ट

अंगठेबहाद्दराला लिहिता-वाचता उत्तम येत होतं. ते नाव कारखान्यानं त्याला चिडवायला ठेवलं होतं, त्याच्या उजव्या अंगठ्यावरून. लेथवर लोखंड कातणारं टूल आवळण्याआधी तो टूलच्या बैठकीवरून अंगठा फिरवायचा, आणि तिथे केसाएवढा जरी लोखंडाचा कीस राहिला असेल तरी त्याला कळायचं. कीस राहिला की बोल्ट कितीही आवळा, टूल आतून डुगडुगणारच. "बूड टेकलं तर टूल खरं," असं सांगत त्यानं तीस वर्षांत कितीतरी टर्नर घडवले. त्यातलाच एक त्याचा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. बहाद्दरानंच शब्द टाकून त्याला कामाला लावलं होतं. आता मोठ्या लेथवर सकाळपाळीला बहाद्दर असायचा आणि दुपारपाळीला साडू.

लेथवर टूल ज्यात आवळतात त्या टूलपोस्टला चार बाजू. दोन बहाद्दराच्या, दोन साडूच्या. दुसऱ्याच्या बाजूला हात लावायचा नाही, हा टर्नर लोकांचा जुना नियम; दुसऱ्याचा टूथब्रश आपण वापरतो का? बहाद्दर घरी जाण्यापूर्वी उद्याचं टूल आपल्या बाजूला आवळून ठेवायचा, म्हणजे सकाळी आल्याआल्या काम सुरू.

नेमक्या त्या टूलनं गेल्या महिन्यात दोनदा दगा दिला. शाफ्टला टेकलं की थरथरायचं, किरकिरायचं, आणि शाफ्टवर ओरखडे. दोन्ही शाफ्ट भंगारात गेले. फोरमननं आवाज न चढवता सांगितलं की तिसरा गेला तर मोठा लेथ साडूच्या हवाली, आणि बहाद्दरानं करवतीवर सळ्या कापायच्या. करवतीवर कोणीही चालतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

बहाद्दराच्या मनात पाल चुकचुकली. शाफ्ट गेला तर फायदा कोणाचा? साडूचा. आपल्या मागे मशीनजवळ कोण? साडू. वर रोज किती आदबीनं 'या दादा' म्हणतो! पंधरा दिवस टूल सुरळीत चाललं, तरी संशय काही उतरेना. उलट, गडी आता सावध झालाय, असं त्याला वाटायला लागलं. बायकोजवळ बोलला, तर ती म्हणाली की चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका. बहीण तिची, ती असंच म्हणणार. त्यानं तिचीच नेलपॉलिशची बाटली गुपचूप खिशात टाकली.

त्या दुपारी टूल आवळून झाल्यावर त्यानं तिन्ही बोल्टच्या डोक्यांवरून खाली टूलपोस्टवर येईल अशी एकेक बारीक लाल रेघ ओढली. बोल्ट फिरला की रेघ तुटणार.

सकाळी तिन्ही रेघा तुटलेल्या होत्या. खरं तर त्याला वाईट वाटायला हवं होतं, पण माणूस असा की त्याला आनंद झाला. त्यानं फोरमनला बोलावून रेघा दाखवल्या. फोरमन म्हणाला, चालवून तर दाखव. टूल साबणातून दोरा जावा तसं गेलं, शाफ्ट आरशासारखा निघाला. बिघडवायला वेळ मिळाला नसेल, असं बहाद्दर म्हणाला खरा, पण त्याचं त्यालाच ते लंगडं वाटलं.

दुपारी फोरमननं साडूला बहाद्दरासमोर उभं केलं. साडूनं लाल रेघांकडे पाहिलं, मग बहाद्दराकडे.

"हो, मी हात लावला. पुन्हा नाही लावणार."

का लावला, ते त्यानं सांगितलं नाही. बहाद्दरानं नवं टूल आवळलं, नव्या रेघा ओढल्या आणि जिंकल्यासारखा घरी गेला.

दुसऱ्या दिवशी रेघा शाबूत होत्या. त्यानं निश्चिंतपणे लेथ सुरू केला आणि टूल शाफ्टला टेकताच किरकिरलं. मशीन थांबवेपर्यंत ओरखडे पडले होते. तिसरा शाफ्ट.

त्यानं बोल्ट सोडून टूल उचललं. खालच्या बैठकीवर कीस होता, नखाच्या तुकड्याएवढा, दबून चपटा झालेला. काल तिथे त्यानं स्वतः अंगठा फिरवला होता. त्यानं डोळे मिटून पुन्हा फिरवला. काही लागलं नाही. डाव्या हाताचं बोट फिरवलं, तर टोचलं. अंगठा बधिर होऊन त्याचं कधी कातडं झालं, त्याला कळलंच नव्हतं. आणि ते पंधरा दिवस टूल सुरळीत का चाललं, हे आता कळलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आवाज ऐकून फोरमन आला. रेघा तुटलेल्या पाहून त्यानं कपाळाला आठ्या घातल्या.

"परत त्यानंच?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. लेथ वाचला असता.

"नाही," बहाद्दर म्हणाला. "सकाळी रेघा शाबूत होत्या. आत्ता मी बोल्ट सोडले, तेव्हा तुटल्या. कीस माझ्याच हातचा."

दुपारी साडू कामावर आला तेव्हा बहाद्दर करवतीवर सळ्या कापत होता. साडू करवतीपाशी आला. बहाद्दरानं करवत बंद केली.

"रोज काढून पुसत होतास?"

"दुसरा शाफ्ट गेला तेव्हापासून."

"मग फोरमनसमोर बोलला का नाहीस?"

साडूनं त्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि नजर वळवली.

"काय सांगणार होतो, दादा? तुमचा अंगठा गेला म्हणून?"

बहाद्दरानं खिशातून टूलपोस्टचे बोल्ट आवळायची चावी काढून त्याच्या हातात दिली, आणि चारही बाजूंच्या बैठका नीट पुसून घे, म्हणाला.