टोपणावरचा शेंदूर

उत्तमरावांचं इंजिन तिसऱ्यांदा बंद पडल्याचा निरोप आला, तेव्हा देवमनला इंजिनापेक्षा स्वतःचाच जास्त वीट आला. नऊ वर्षं अकोल्याच्या कापसाच्या जिनात इंजिनं खोलून जोडलेला माणूस तो. इंजिनाचा आवाज ऐकून कुठं दुखतं ते सांगणारा. आणि आता हिवरखेडच्या एका मळ्यातलं आठ घोड्यांचं तेलइंजिन त्याच्या तोंडाला काळं फासत होतं.

दुखणंही असं की सांगायची लाज वाटावी. सकाळी हँडल मारलं की इंजिन सुरू व्हायचं, चार-पाच मिनिटं ढुकढुक चालायचं आणि दम कोंडल्यासारखं बंद पडायचं. पुन्हा हँडल मारा, पुन्हा तेच. देवमन आला की मात्र शहाण्या सुनेसारखं तास तास चालायचं. तो बांधाआड झाला आणि दुसरी सकाळ उजाडली की पुन्हा आपलं तेच.

पहिल्या खेपेला त्यानं फिल्टर धुतला, नळीतली हवा काढली. दुसऱ्या खेपेला नोझल खोललं, वायसर बदलले, पंपाचा पट्टासुद्धा सैल करून पाहिला. गावात बोलणं सुरू झालंच. देवमनच्या हाताले यश नाई म्हणून. वैद्याबद्दल बोलतात तसं, पारावर बसून, ज्यांना इंजिनाचं तोंड कुठं आणि बूड कुठं हे ठाऊक नाही असे लोक बोलत होते. तळपायाची आग मस्तकात जायची त्याच्या. पण इंजिन बंद पडत होतं हे खरंच होतं.

हे इंजिन त्यानंच बसवलं होतं. एकसष्ट सालचा तो उन्हाळा. गावच्या सोसायटीनं अशी आणखी सहा इंजिनं मागवली होती आणि ती बसवायला, सांभाळायला एक फिटर कायमचा ठेवायचा होता. उत्तमराव सोसायटीतले वजनदार माणूस. त्यांच्या मळ्यातलं पहिलं इंजिन नीट चाललं की नाव देवमनचंच, हे ठरल्यात जमा होतं. सोमवारी सभा होती. बायको ललितानं तर शेजारी सांगूनही टाकलं होतं की आता आमचं जिन सुटलं, आता गावातच राहू.

शुक्रवारी सकाळी तो मळ्यात पोचला, तेव्हा उत्तमराव विहिरीच्या काठावर कमरेवर हात ठेवून उभे होते. वांग्याच्या वाफ्यांनी माना टाकल्या होत्या. सांभार, म्हणजे कोथिंबीर, तर पिवळी पडली होती.

"देवमन, आता आखरीचं पाह्य," ते म्हणाले. "उद्या जर हे बंद पडलं, त मी अमरावतीहून दुसरा फिटर आनतो. मंग सोमवारी मले बोल लावू नको."

"उत्तमराव, मी असलो की चालते ना हे?"

"तुले का मी मळ्यातच बांधून ठेवू?"

देवमन इंजिनाजवळ बसला. त्यानं चिंधी काढली. टाकीच्या टोपणावर नेहमीसारखा शेंदूर थापलेला होता. नव्या वस्तूला लोक शेंदूर लावतातच. त्यानं तो नेहमीसारखा पुसला, टोपण काढून डिझेलमध्ये खळबळून घेतलं आणि मग टाकीत पाहिलं. जिनातल्या उस्तादानं घालून दिलेली शिस्त होती ती: आधी टाकी, मग बाकीचं. टाकी भरलेली होती. नोझल साफ होतं. हँडल मारलं. इंजिन लागलं, पाटाला पाणी आलं, आणि तासभर खळ न पडता येत राहिलं. दोष सापडला नव्हता. दोष न सापडता चालणारं इंजिन म्हणजे खोटं बोलणारा माणूस. कधी तोंडघशी पाडील नेम नाही. तरी त्यानं ते बंद केलं, अवजारं पिशवीत टाकली आणि निघाला.

नाल्याजवळ गेल्यावर पिशवी हलकी वाटली. मोठा पाना राहिला होता. तो परत फिरला.

इंजिनाजवळ माणिकबाई होत्या, उत्तमरावांच्या पत्नी. एका हातात बादली, दुसऱ्या हातात तुळशीची डहाळी. बादलीत गोमूत्र कालवलेलं पाणी. त्या इंजिनावर ते शिंपत होत्या; चाकावर, नळीवर, हँडलवर, जिथं जिथं त्याचा हात लागला होता तिथं तिथं, न चुकता. इतकं बारीक लक्ष तर त्यानं स्वतःही ठेवलं नव्हतं. मग त्यांनी वाटीतला तेलात कालवलेला शेंदूर घेतला आणि टोपणावर अंगठ्यानं चांगला दाबून दाबून लावला. वर हात जोडले.

देवमन बांधावरच थबकला. पाच वर्षं होत आली होती बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन. तो कुणापुढं वाकत नव्हता, कुणाच्या दारात मागे सरून उभा राहत नव्हता. आणि इथं, त्याच्या पाठीमागं, त्याचा हात पाण्यानं पुसून काढणं चाललं होतं. एकदा नव्हे. दर खेपेला. त्याला माणसांची शिसारी आली, त्या बादलीची आली आणि या लोकांची इंजिनं दुरुस्त करायला धावत येणाऱ्या आपल्या पायांचीही आली.

तो वळून जाणारच होता. पण फिटरचे डोळे मेले टोपणावरच अडकले. टोपणाच्या मधोमध एक भोक असतं, सुईएवढं. डिझेल खाली उतरतं तशी त्या भोकातून टाकीत हवा जाते. ते बुजलं की टाकीत हवा जात नाही, डिझेल उतरत नाही आणि इंजिन चार-पाच मिनिटांत उपाशी मरतं. आणि तो दर वेळी येऊन आधी ते टोपणच धूत होता! आपल्याच हातानं दुखणं पुसायचं आणि मग नोझलमध्ये शोधत बसायचं. त्याला हसू आलं, आणि त्या हसण्याचीही किळस वाटली.

"उत्तमराव!" त्यानं विहिरीकडं तोंड करून हाक मारली. माणिकबाई दचकल्या. बादली त्यांनी मागं घेतली. पण लपवायला जागा नव्हती.

उत्तमराव आले. देवमन म्हणाला, "मारा हँडल. मी हात लावत नाई."

उत्तमरावांनी हँडल मारलं. इंजिन लागलं. तिघंही उभे राहिले. थोड्या वेळानं आवाज खोल गेला, एक आचका बसला आणि इंजिन थांबलं. तेव्हा देवमननं एका तारेनं टोपणावरच्या शेंदरात भोक पाडलं. आत सुसू करत हवा गेली. तिघांनीही ती ऐकली. नळीत अडकलेली हवा त्यानं सोडून दिली. पुन्हा हँडल. इंजिन चालत राहिलं. पाणी पार शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचलं तरी चालत राहिलं.

"बिघाड माह्या हातात नोयता," देवमन म्हणाला. "तुमी माहा हात धुऊन काहाडत होते, त्याच्यात होता."

उत्तमरावांचा चेहरा क्षणभर उतरला. मग ते मोकळं हसले. पेच सुटला होता, वांगी वाचली होती.

"म्हंजे एवढंच होतं काय! माणिक, आता टोपन सोडून शिंपत जाय. बाकीचं खुशाल शिंप."

ते मनापासून म्हणाले हो. त्यात दुष्टावा नव्हता, हेच तर जास्त घाण होतं. देवमननं माणिकबाईंकडं पाहिलं.

"वैनी, टोपनाले त मी सगळ्यात जास्त हात लावला."

माणिकबाई टोपणाकडं बघत राहिल्या. उत्तमराव घाईनं मध्ये पडले, "अरे, बाईमानसाचं कावून मनावर घेतं? सोमवारी तुयं नाव पक्कं समज. साही इंजिनं तुह्याच हवाली."

सहा इंजिनं. म्हणजे सहा मळे आणि सहा बादल्या. देवमनला ती नोकरी हवी होती, हे तो स्वतःशी नाकारू शकत नव्हता. म्हणून त्यानं गिळलं.

"लिवा नाव," तो म्हणाला. "पन माही एक अट हाय. आज याच्यावर थेंब पडू देऊ नका. माहा हात लागलेलं हाय, तसंच चालू द्या. सांजवरी. तुमचं पानी बाटते का, वांगी मरते का, पाहून घ्या. तेवढं केलं त सोमवारी मी सभेले येतो. नाई त येत नाई."

"बस? दिला शब्द," उत्तमराव म्हणाले.

देवमननं पाना पिशवीत टाकला आणि निघाला. बांध ओलांडला, नाला ओलांडला. मागं इंजिन एका लयीत चालत होतं, आणि इतका स्वच्छ आवाज त्यानं जिनातही ऐकला नव्हता. सडकेला लागेपर्यंत त्याला वाटू लागलं की ललिताला आज सांगायला हरकत नाही.

मग आवाज खोल गेला. एक आचका. आणि बंद. न पाहताच कळलं त्याला, टोपणावर पुन्हा शेंदराचा अंगठा फिरला होता.

शेतात सगळीकडं चूप झालं. थोड्या वेळानं उत्तमरावांची हाक आली, लांबवर, "देवमन! ओ देवमन!" पुन्हा एक. पुन्हा एक. त्यानं मान वळवली नाही. सडकेच्या कडेला पचकन थुंकला आणि चालू लागला.

"धुवा लेकहो," तो मोठ्यानं म्हणाला. "पोटभर धुवा."