जावई जेवत नाही

थंडीच्या तोंडावर घोडा डोळ्यांनी बघायचा नसतो, हातांनी बघायचा असतो. अंगावरचे केस वाढतात, फुलतात, आणि खालून बरगड्या मोजता येतील इतका वाळला तरी वरून तो गुटगुटीत दिसतो. चाळीस वर्षं नाल ठोकलेत मी, मला हे कुणी शिकवायला नको. लोक मात्र कुंपणापलीकडून बघतात आणि म्हणतात, वा, छान भरलाय की. पूर्वी मी अशांशी हुज्जत घालायचो. म्हणूनच आता माझ्या फाटकाशी कुणी थांबत नाही.

तर सांगायचंय जावयाचं. जावई म्हणजे गाढव, उगाच गैरसमज नको. माझी लेक इथं होती तेव्हा तिची एक घोडी होती. तिला आम्ही म्हातारी म्हणायचो, अगदी ती तरुण होती तेव्हापासून, कारण समोर काहीही ठेवलं तरी आधी नाक मुरडायचं ही तिची रीत. घोडी एकटी राहिली की कुढते, म्हणून लेकीनं कुठूनसं हे गाढव उचलून आणलं. लेकीनं पसंत करून आणलेला, आयतं खाणारा, आणि मनाविरुद्ध झालं की भिंतीकडे तोंड करून उभा राहणारा. नाव शोधायला मला फार डोकं चालवावं लागलं नाही. पुढे लेक नोकरीसाठी समुद्रापलीकडे गेली आणि ही जोडी माझ्या गळ्यात पडली. त्याला चौदा वर्षं झाली. खोटं कशाला बोलू, चौदा वर्षं मी सकाळी उठायचो ते या दोघांसाठीच.

दरवर्षी थंडी पडायच्या आधी डॉक्टरीणबाई येतात. दोघांना लस टोचतात, दात कानशीनं सारखे करतात, जंत आहेत का बघायला शेण डबीत घालून नेतात. खुरांना त्यांनी हात लावलेला मला चालत नाही, ते मी स्वतः करतो. यंदा त्यांनी म्हातारीच्या तोंडात हात घातला आणि म्हणाल्या की दाढा झिजून पार सपाट झाल्यात, सुकं गवत आता तिला चावणार नाही. जे द्यायचं ते भिजवून द्या. आणि पाणी कोमट ठेवा, कारण गार पाणी म्हातारी घोडी पीत नाही, मग पोटातलं सुकतं आणि आतड्यात अडकून बसतं. मी सगळं केलं. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन किटल्या पाणी तापवून हौदात ओतत होतो. स्वतःच्या आंघोळीला इतकं पाणी मी कधी तापवलं नसेल.

तरी कडाक्याच्या थंडीच्या पहिल्याच सकाळी म्हातारी आडवी होती. उठायची, पाय आपटायची, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघायची आणि पुन्हा बसायची. डॉक्टरीणबाई अर्ध्या तासात आल्या. नाकातून नळी घातली, औषध दिलं, पोटाला स्टेथोस्कोप लावून बसल्या. दुपारी बारा वाजता त्यांनी कानातली नळी काढून खिशात ठेवली, तेव्हाच मला कळलं. आता तिला शांतपणे जाऊ द्यायचं, एवढंच उरलं होतं.

इंजेक्शन भरता भरता त्या म्हणाल्या, "काका, जावयाला इथंच राहू द्या. ती गेली की त्याला हुंगू द्या, तासभर तरी. नाहीतर तो तिला शोधत बसेल."

मी म्हटलं, त्या मुक्या जिवाला कशाला ते बघायला लावायचं. मी जावयाला ओढत मागच्या शेडमध्ये नेलं, जिथं माझी हत्यारं असतात. दार लावून घेतलं आणि मीही आतच बसलो. रेडिओ मोठ्यानं लावला. कुणीतरी बाग कशी फुलवावी यावर बोलत होतं. ट्रक आला, थांबला, कुणी काही बोललं, साखळी वाजली, ट्रक गेला. मी बाहेर आलो तेव्हा म्हातारीच्या ठाणात फक्त विस्कटलेला पेंढा होता. तो मी गोळा केला, फरशी धुतली, फिनाईल टाकून पुन्हा धुतली. जावयाला काही दिसलं नाही याचं मला त्या संध्याकाळी बरं वाटत होतं.

दुसऱ्या सकाळी जावई त्या रिकाम्या ठाणाच्या दारात उभा. आत बघायचा, मग कुंपणाशी जायचा, तिथून रस्त्याकडे तोंड करून ओरडायचा, पुन्हा दारात. पुढ्यात ठेवलेल्या गवताला तोंड लावलं नाही. मी म्हटलं, रुसलाय. जावयानं रुसायचं आणि सासऱ्यानं मनधरणी करायची हे चालायचंच. भूक लागली की येईल वळणावर. चाळीस वर्षांचा नालबंद, आणि असा विचार केला. तो दिवस मी वाया घालवला.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना फोन केला, तर त्यांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. गाढवानं जेवण सोडलं तर तो रुसवा नसतो म्हणाल्या. पोटात काही गेलं नाही की त्याचं शरीर आपलीच चरबी रक्तात ओढतं, रक्त चरबीनं भरतं आणि लिव्हर बसतं. दुबळ्या घोड्यापेक्षा गुबगुबीत गाढव आधी जातं. मग लगेच येऊन त्यांनी त्याचं रक्त काढलं आणि नळी खिडकीत उभी करून ठेवली. जरा वेळानं लाल भाग खाली बसला आणि वर आलं ते पाणी ताकासारखं गढूळ होतं. त्यांनी सलाईन लावलं, नळीनं पेज घातली आणि जाताना स्पष्टच सांगितलं की असं दोन दिवस ढकलता येईल, फार तर तीन. त्याला स्वतःहून खायला हवं, नाहीतर हाही जाणार.

मग काय, लागलो मी मनधरणीला. गाजर किसलं, सफरचंद किसलं, पुदिना आणला, आल्याची बिस्किटं आणली. बादली उपडी घालून त्याच्यासमोर बसलो आणि तळहातावर एकेक गोष्ट धरत राहिलो. खा रे बाबा, खा रे राजा, असं मी माझ्या सख्ख्या लेकीलाही कधी म्हटलं नव्हतं. त्यानं एकदा गाजर ओठात घेतलं, जरा वेळ धरलं आणि खाली टाकलं. मग माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघायला लागला. मला राग आला, आणि रागापेक्षा वाईट वाटलं. मला वाटत होतं की म्हातारी गेली तरी त्याला मी आहे. चौदा वर्षं सकाळ-संध्याकाळ माझा हात त्याच्या पाठीवर होता. पण त्याच्या लेखी मी फक्त गवत आणणारा माणूस होतो.

संध्याकाळी लेकीचा फोन आला, तिच्याकडे तेव्हा सकाळ असते. म्हातारी गेल्याचं तिला त्याच दिवशी सांगितलं होतं, तेव्हा ती खूप रडली होती. आता जावयाचं सांगितलं. तिनं विचारलं, ती गेल्यावर त्यानं तिला बघितलं होतं का. मी म्हटलं, छे, मी त्याला मागे कोंडलं होतं, त्याला काही कळू दिलं नाही.

"बाबा, मलाही तुम्ही आईला बघू दिलं नव्हतं," ती म्हणाली.

ती तेव्हा नऊ वर्षांची होती. तिची आई दवाखान्यात होती आणि मी लेकीला तिच्या आत्याकडे सोडलं होतं. सगळं उरकल्यावर चार दिवसांनी आणलं आणि सांगितलं. आता फोनवर ती मला सांगत होती की त्यानंतर ती कितीतरी दिवस शाळेच्या बसमधून आधीच्या थांब्यावर उतरायची आणि दवाखान्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहायची. बाहेर येणाऱ्या बायकांचे चेहरे बघायची. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती उशिरा घरी येते म्हणून मी तिला रागवायचो, तेवढं आठवलं. मी म्हटलं, तुला त्रास होऊ नये म्हणून केलं गं ते. ती म्हणाली, हो, माहीत आहे, आणि इथं थंडी किती आहे ते विचारायला लागली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या की एकच उपाय दिसतो. याला माणूस नकोय, याला याच्यातलं कुणीतरी हवंय. घोडेस्वारीच्या मास्तरकडे एक म्हातारं खेचर आहे, त्याचा जोडीदार मागच्या वर्षी गेला. मास्तरचं नाव काढलं आणि माझं डोकं तापलं. अकरा वर्षं आमचं बोलणं बंद आहे. माझ्या खिळ्यानं त्याचा घोडा लंगडा झाला असं तो म्हणाला होता, आणि त्याच्या चाबकानं झाला असं मी चारचौघांत म्हणालो होतो. पण अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी तर गाढवासाठी मास्तरचे पाय धरायला निघालो.

अर्ध्या तासाची वाट, दोन तास लागले. जावई दर वळणावर थांबायचा आणि ओरडायचा, मग कान टवकारून उत्तराची वाट बघायचा. मीही थांबायचो. मास्तर फाटक उघडून उभाच होता, डॉक्टरीणबाईंनी कळवलं असणार. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, खाली वाकून जावयाचे खूर बघितले. चांगले ठेवलेत, एवढंच म्हणाला. अकरा वर्षांनी एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

खेचर उंच, हाडकुळं, एक कान फाटलेला. तासभर दोन्ही जनावरं एकमेकांकडे पाठ करून उभी राहिली आणि कुंपणाशी आम्ही दोघंही तसेच. मग खेचर सावकाश आलं आणि जावयाच्या मानेला नाक लावून उभं राहिलं. जावयानं त्याची मान हुंगली, पाठ हुंगली, कूस हुंगली, खूप वेळ. तो काय शोधत होता ते मला माहीत होतं. ते काही त्याला सापडलं नाही. मग खेचर गव्हाणीकडे वळलं, जावई त्याच्या मागे गेला, आणि त्यानं आत तोंड घातलं. चावण्याचा आवाज आला तेव्हा मी रडलो. मास्तर मुद्दाम दुसरीकडे बघत राहिला.

निघताना तो म्हणाला की आता याला परत न्यायचं नाही, पुन्हा ताटातूट झाली तर दोन्ही जातील. हे मला त्यानं सांगायची गरज नव्हती, पण मी उलट बोललो नाही. खूर करायला महिन्या-दीड महिन्यानं येईन म्हटलं, तो ये म्हणाला. जावयाच्या गळ्यातली दोरी मीच सोडली. त्यानं गव्हाणीतून तोंड वर काढलं नाही. खात होता, चांगलंच होतं ते.

घरी आलो तर अंगणात कुणी हलत नव्हतं. सवयीनं किटल्या ठेवल्या आणि पुन्हा उतरवल्या. लेकीला फोन लावला, जावई जेवला म्हणून सांगितलं. ती हसली, मग म्हणाली की आता तुम्ही अगदी एकटे झालात. मी म्हटलं, हो. कुणी विचारलं की ठीक आहे म्हणायची माझी सवय, पण त्या दिवशी ते म्हणवेना.

मग मी म्हणालो, "तुझ्या आईच्या वेळचं सांगायचंय. तुला त्रास नको म्हणून नव्हतं ते. मलाच बघवत नव्हतं. मीही आत गेलो नाही गं. दवाखान्यातल्यांनी मला दोनदा बोलावलं, मी बाहेर बाकावर बसून राहिलो."



"मग आईजवळ कोण होतं?" तिनं विचारलं.

"एक नर्स होती," मी म्हणालो. "तिचं नाव मी विचारलं नाही."