हरणीचा उपास

"आज सोमवार. म्हादेवाचाबी उपास धरला वाटतं हिनं," मल्हारी म्हणाला आणि दूध-भाकरीचा काला असलेली परात त्यानं हरणी कुत्रीपुढून उचलली. काल्यातला घासभरही कमी झाला नव्हता. पोरगा रांजणगावच्या कंपनीत पर्मनंट झाला त्या दिवशीही मल्हारी एवढा खुलला नव्हता.

त्याची बायको अनसाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

त्यांची वस्ती भीमेच्या काठाला, शिरूरच्या हद्दीत. नदी ओलांडली की दौंड तालुका. बापजाद्यांसारखं मेंढरं घेऊन कोकणापर्यंत फिरणं मल्हारीनं कधीच सोडलं होतं. आता थोडी शेती, वाघरीच्या जाळीत बसवलेली थोडी मेंढरं आणि त्यांच्या राखणीला हरणी. चहूकडं ऊस, आणि उसात बिबट्या. आसपासच्या वस्त्यांवरची कितीतरी कुत्री बिबट्यानं उचलून नेली होती. हरणी मात्र टिकून होती, आणि ती का टिकली याचं उत्तर मल्हारीकडं तयार होतं.

रविवार खंडोबाचा. त्या दिवशी मल्हारीचा उपास, अनसाबाईचा उपास आणि हरणीचाही उपास. संध्याकाळी देवाला भंडारा वाहायचा, तोच कुत्रीच्या कपाळाला लावायचा, तिला काला घालायचा आणि मग आपण उपास सोडायचा. हे त्याच्या बापानं पाळलं, आज्यानं पाळलं. "पोट भरलं की कुत्र्याचे कान झोपत्यात," तो सांगायचा. "आठवड्यातनं एक दिस पोट रिकामं ठिवा, मग बघा नाक कसं चालतंय."

त्याला पुरावाही मिळाला होता. गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी बिबट्या वाघरीपाशी आला आणि हरणीनं एकटीनं त्याला उसात परतवला. तो दिवस रविवारचा. तेव्हापासून मल्हारीला बोलायला दुसरा विषय नव्हता. शेजारच्या मच्छिंद्रनंही त्याचं ऐकून आपल्या विकतच्या कुत्र्याला उपास धरायला लावला. त्या कुत्र्यानं दुपारपर्यंत मच्छिंद्रची नवी चप्पल खाऊन टाकली. "जातीचं कुत्रं लागतं, गड्या," एवढंच मल्हारी म्हणाला.

पण त्या रविवारी हरणीच्या पोटात काय होतं, ते अनसाबाईला ठाऊक होतं. अर्धी बाजरीची भाकरी.

काही वर्षांपूर्वी खुरपताना ती चक्कर येऊन पडली होती. केडगावच्या डॉक्टरांनी शुगर सांगितली, गोळ्या दिल्या आणि उपाशी राहायचं नाही अशी ताकीद दिली. गोळ्यांचं तिनं घरी सांगितलं. उपासाचं तिच्या तोंडून निघालंच नाही. सांगितलं असतं तर मल्हारी काही मारायला उठला नसता. पण देव्हाऱ्याकडं बघून तो जो गप्प झाला असता, ते तिला सोसलं नसतं. मग ती रविवारी दुपारी पदराखाली भाकरी घेऊन वाघरीमागं जाऊन बसायची. पहिल्या दिवशी समोर हरणी येऊन बसली. भुकेल्या जिवापुढं एकटीनं कसं खायचं? तिनं भाकरी मोडली, अर्धी हरणीला दिली. तेव्हापासून दोघींचा उपास असाच चालला होता.

आणि काल हरणीनं तिच्या हातची भाकरी नुसती हुंगली आणि तोंड फिरवलं होतं.

हे सगळं सोमवारी सकाळी अनसाबाईच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात मच्छिंद्र आला. मल्हारीनं त्याला भरलेली परात दाखवली. मच्छिंद्रनं वाकून हरणीला हात जोडले.

"आबा, हिचं एक पिल्लू मला ठिवा बरं का."

"देवाचं कुत्रं हाय. देव म्हनंल तवा."

एवढं कौतुक चाललेलं. अनसाबाईनं तोंडातले शब्द गिळले आणि भाकरी उलटली. दिवसभर ती मनाला समजावत राहिली, खाईल संध्याकाळी. संध्याकाळीही हरणीनं खाल्लं नाही.

मंगळवारी मेंढरं सोडली तेव्हा हरणी उठली नाही. मल्हारीनं शीळ घातली. तिनं शेपटी हलवली, पुढचे पाय ताणले आणि पुन्हा मान टाकली.

"थकवा आलाय उपासाचा," मल्हारी म्हणाला, पण आवाजात कालचा जोर नव्हता.

"तिचा उपास न्हाई," अनसाबाई म्हणाली. "आजारी हाय ती."

"तुला काय ठावं?"

"ती दर ऐतवारी खाती. ह्या ऐतवारी न्हाई खाल्लं."

मल्हारी तिच्याकडं बघत राहिला. "कुनाच्या हातनं खाती?"

"माझ्या."

"आन् तू?"

"मीबी खाते. डॉक्टरनं सांगितलंय, उपाशी ऱ्हायचं न्हाई म्हनून."

"कवापासनं?"

"चक्कर आली व्हती, तवापासनं."

तिला वाटलं होतं तो देव्हाऱ्याकडं बघेल. त्यानं बघितलं नाही. तो खाली बसला, हरणीचा ओठ वर करून हिरडी बघितली. हिरडी पांढरीफटक होती. कानात, पायाच्या बोटांत गोचिडी. दर रविवारी हातानं भंडारा लावणाऱ्या माणसाला त्या दिसल्या नव्हत्या. त्यानं घोंगडीत हरणीला गुंडाळलं आणि मच्छिंद्रच्या पिकअपसाठी हाळी दिली.

यवतच्या डॉक्टरीणबाईंनी ताप बघितला, रक्त तपासलं, सलाईन लावलं. गोचिडांचा ताप होता.

"कधीपासून खात नाही?"

मल्हारीनं बायकोकडं बघितलं. उत्तर अनसाबाईनंच दिलं, "ऐतवारपासनं."

"त्याच दिवशी आणायला हवं होतं. अंगात रक्तच राहिलं नाही. प्रयत्न करते."

मल्हारीनं विचारलं, "बाई, हे उपासानं झालं का?"

"नाही, बाबा. धडधाकट कुत्रं एखादा दिवस उपाशी राहिलं तर त्याला काही होत नाही. काही जणांना तर चांगलंच मानवतं. पण कुत्रं खात नाही, एवढी एकच खूण ते आपल्याला दाखवत असतं. त्याला तुम्ही उपास म्हणालात, तर मग कळणार कसं?"

"म्हंजी उपासानं नाक तिखट व्हतं, हे खरं का खोटं?"

"हिच्यावरून तुम्हाला काय वाटतं?"

मल्हारीला गेल्या उन्हाळ्यातला तो रविवार आठवला. बिबट्या परतवला तेव्हा ती जेवलेली होती. आपण ज्या उपासाचा गावभर डांगोरा पिटला, तो घडलाच नव्हता. मच्छिंद्र समोर उभा होता, त्याची त्याला लाज वाटली. त्याहून जास्त वाईट याचं वाटलं, की आपल्या घरातल्या बाईला भाकरी खायला कुत्रीच्या सोबतीला जाऊन बसावं लागलं, आणि वाघरीच्या पलीकडं उभं राहून आपल्याला ते कधी दिसलं नाही.

हरणी गुरुवारी गेली. मल्हारीनं तिला वाघरीच्या कडेला पुरलं, वर भंडारा टाकला. अनसाबाई बाजूला उभी राहून रडली. सोमवारी बोलले असते तर, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं, आणि ते जन्मभर फिरणार होतं. घरी दोघं कामापुरतं बोलत होती. नवं कुत्रं मिळेपर्यंत मेंढरं राखायला मल्हारी स्वतः काठी घेऊन बसायचा.

रविवार आला. मल्हारीनं सकाळी आंघोळ करून देवाला भंडारा वाहिला. त्याचा उपास होता. दुपारी अनसाबाई सवयीनं पदराखाली भाकरी घेऊन वाघरीमागं गेली. बसली, भाकरी मोडली आणि अर्धा तुकडा पुढं केलेला तिचा हात तसाच राहिला.

मागून मल्हारी आला.

"गोळी घेतलीस?"

"जेवल्यावर घ्यायची असती."

"मग जेव. घरात बसून खायचं व्हतंस, कुनी काय म्हनलं नसतं."

"हितली सवय झालीया."

हरणी बसायची त्या जागेवरचं गवत अजून दबलेलं होतं. मल्हारी तिथंच खाली बसला, काठी मांडीवर घेतली. अनसाबाईनं त्याच्याकडं बघितलं आणि पदर सारखा करून पहिला घास तोंडात घातला. तिची भाकरी संपेपर्यंत तो तिच्याकडं पाठ करून, उसाकडं बघत बसून राहिला.