दोघांच्या गाडीत सासूबाई

नवरा फर्निचर बनवणारा. त्याने मालवाहतुकीची जुनी गाडी घेतली आणि दोन हिवाळे खपून तिच्या पोटात घर बसवलं. पलंगाखाली कप्पे, दारामागे शेगडी, सिंकवर झाकण टाकलं की टेबल तयार. बायको केस कापायची. तिने सलूनच्या दारावर ‘पानगळीपर्यंत बंद’ अशी पाटी लावली आणि गिऱ्हाइकांना सांगून टाकलं, "तोवर वाढवा, शोभतात तुम्हाला."

निघायच्या आठवड्यात थोरल्या दिरांचा फोन आला. सासूबाई अर्धं वर्ष त्यांच्याकडे असत, अर्धं यांच्याकडे. हा उन्हाळा थोरल्यांचा, असं ठरलेलं होतं.

"घराचं रंगकाम काढलंय," थोरले म्हणाले. "आईला तुमच्याकडे पाठवतो. ते डबडं घेऊन पुढच्या वर्षी फिरा."

नवरा फोन कानाला लावून नुसता उभा. दादापुढे त्याची बोलती बंद व्हायची, लहानपणापासूनच. बायकोने फोन ओढून घेतला.

"भावोजी, गाडी सोमवारी निघणार. आई आल्या तर त्याही निघतील."

"या वयात? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"नाही. सोमवारी सकाळी आणून सोडा."

ती चिडून बोलून गेली होती. थोरले माघार घेतील, असा तिचा हिशोब. पण सोमवारी उजाडताच सासूबाई बॅग घेऊन फाटकाशी हजर. गाडीकडे खालपासून वरपर्यंत बघत म्हणाल्या, "मी कुठं बसायचं?"

सासू-सुनेचा लग्नापासून छत्तीसचा आकडा. लोकांची डोकी भादरणं हा काय धंदा झाला, असं सासूबाईंचं मत होतं आणि ते त्यांनी कधी लपवलं नव्हतं. आता त्या पुढच्या खिडकीशी बसल्या, आणि सून मागे, भांड्यांसोबत.

पलंग दोघांचा होता. तो दोघांचाच राहिला, फक्त नवरा बाहेर तंबूत गेला. सासूबाई झोपेत कोपर मारायच्या. चार-पाच मुक्काम झाल्यावर सुनेने भांडी घासता घासता नवऱ्याला धरलं.

"बायकोला फिरायला नेताना आईला बरोबर घेणारे तुम्हीच."

"बोलावलंस तू," तो म्हणाला.

तिने कढई जरा जोरातच आपटली.

पुढचा मुक्काम तळ्याकाठी होता. गाड्या लावायच्या जागेचा व्यवस्थापक मोठा शिस्तीचा. सासूबाई पाण्याकडे निघालेल्या बघून तो आडवा आला.

"आजी, तुम्ही इथंच बसा. काही झालं तर जबाबदारी कुणाची?"

"माझी," सासूबाई म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. "हात दे गं."

सुनेने हात दिला. का दिला, ते तिलाही सांगता आलं नसतं. कदाचित त्या माणसाचं ‘इथंच बसा’ तिलाही झोंबलं असेल. दोघी अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरल्या. कमरेपर्यंत पाणी आल्यावर सासूबाईंनी हात सोडला, पाठीवर पडल्या आणि ओंडक्यासारख्या तरंगायला लागल्या. काठावर व्यवस्थापक शिट्टी फुंकत होता.

"तुम्हाला पोहता येतं?"

"मुलगी होते तेव्हा यायचं. नंतर कुणी विचारलं नाही."

त्यांचा अंबाडा सुटला होता. लांब पांढरे केस दुपार टळली तरी वाळेनात. शेवटी त्या गाडीपुढच्या घडीच्या खुर्चीत येऊन बसल्या आणि गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून म्हणाल्या, "काप."

"किती ठेवू?"

"मान मोकळी झाली पाहिजे."

सुनेने कात्री काढली. आजवर तिने शेकडो डोकी हाताळली होती, पण या डोक्यावरून तिने कंगवा दोनदा फिरवला, मगच कात्री लावली. सासूबाई डोळे मिटून बसल्या. काम झाल्यावर त्यांनी आरशात बराच वेळ पाहिलं, मानेवरून हात फिरवला.

"हात हलका आहे तुझा," त्या म्हणाल्या.

नवऱ्याने फोटो काढून दादाला पाठवला. दोन दिवसांनी थोरले आपली गाडी घेऊन तिथं दाखल.

"रंग झाला. आईला न्यायला आलोय." मग आईकडे बघून सुनेला म्हणाले, "काय केलंस हे तिच्या डोक्याचं? लोक काय म्हणतील?"

"डोकं माझं आहे," सासूबाई म्हणाल्या. "तुला लागतंय का?"

"आई, वय काय तुझं? रस्त्यात काही झालं तर?"

"झालं तर होईल. तुझ्या खिडकीशी बसूनही ते व्हायचंच आहे. रंगकाम काढलंस तेव्हा वय आठवलं नाही ते?"

थोरले धाकट्याकडे वळले. "तू तरी सांग तिला."

नवरा तंबूची दोरी गुंडाळत होता. ती खाली ठेवून तो उभा राहिला. "मी नाही सांगणार, दादा. तिला यायचं असेल तर येईल. तू तिची बॅग उचलायची नाहीस."

बायको त्याच्याकडे बघतच राहिली. लग्न झाल्यापासून या वाक्याची वाट बघून बघून तिने आशा सोडली होती. आणि ज्या दिवसाची ती रोज वाट पाहत होती, सासूबाई जाण्याचा, तो दारात उभा होता. ती गाडीत उभी होती, बॅग तिच्या पायाशीच. तिने ती पायानेच पलंगाखालच्या कप्प्यात सरकवली.

"आई, राहायचं तर राहा," ती म्हणाली. "पण मधून मधून पुढची खिडकी मला. आणि कोपराचं काहीतरी करा."

"करते," सासूबाई म्हणाल्या. खिडकीबद्दल मात्र बोलल्या नाहीत.

थोरल्यांनी दोन अंडी आणि पाव खाल्ला, चहाला नाही म्हणाले आणि गेले. निघताना आईच्या पाया पडायला वाकले, तेव्हा सासूबाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "वाढलेत रे तुझेही," त्या म्हणाल्या. "हिच्याकडून कापून घे कधीतरी."

संध्याकाळी नवऱ्याने गावातून फळ्या आणल्या आणि छताखाली आणखी एका पलंगासाठी माप घेतलं.

"वर कोण झोपणार?" सासूबाईंनी विचारलं.

"मी."

"तू उतरताना आम्हा दोघींना तुडवशील. मी झोपते वर. शिडी तेवढी भक्कम कर."

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकाने जागा सोडायला सांगितली. ते तसेही निघालेच होते. रस्ता डोंगरात चढत होता, इंजिन कुरकुरत होतं, आणि पुढच्या खिडकीशी सून बसली होती. मागून सासूबाई सांगत होत्या, की एवढ्या हळू चालवायची असेल तर त्या उतरून चालतात.